मोस्कीतोचं औषध

त्या दुपारी थोरलीला वर्गात बसायचं अजिबात जिवावर आलं होतं. सकाळपासून तिच्या मजल्यावरच्या खोल्या एकीमागून एक रिकाम्या झाल्या होत्या. चादरी ओढून ओढून खांदे भरून आले होते, आणि न्हाणीघरांच्या फरशा घासून कमरेचा काटा ढिला झाला होता. ड्यूटी संपल्यावर माणसानं घरी जावं, घटकाभर पाठ टेकावी, की कोंदट खोलीत बसून स्पॅनिशमध्ये ‘बुएनास तार्देस’ करावं? पण मॅनेजरच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायची कुणाची टाप नव्हती. तळ्याकाठच्या त्या हॉटेलात हल्ली स्पॅनिश बोलणारे म्हातारे पाहुणे बसच्या बस भरून यायचे, तक्रारी करायचे, आणि नोकरमाणसं नुसती माना हलवायची. म्हणून हा वर्ग. सकाळची पाळी सुटताना आणि दुपारची भरताना, कपड्यांच्या कोठीत, धुतलेल्या टॉवेलांच्या ढिगाऱ्यांमध्ये.

शिकवायला एक म्हातारा होता. उभी हयात जहाजावर स्वयंपाकी म्हणून काढलेला. भाषा भटारखान्यातच शिकला, पुस्तक कधी उघडलं नाही. सगळे त्याला सेन्योर म्हणत. त्याची शिकवायची तऱ्हाच वेगळी. पाठ केलेली वाक्यं त्याला चालायची नाहीत. तो म्हणायचा, “खरं तेवढंच बोला. खोटं बोलायला शब्द फार लागतात, आणि तेवढे तुमच्याजवळ नाहीत.” मराठी बोललं की उभं राहायचं, एवढीच शिक्षा. दिवसभर उभ्या राहिलेल्या बायकांना ती पुरेशी होती.

थोरली टेकली आणि समोर पाहिलं, तर इस्त्रीच्या टेबलाशी धाकटी. दुपारच्या पाळीची, धुलाईखात्यातली. दोघींनी ठरल्याप्रमाणे नजर दुसरीकडे वळवली.

आता ही धाकटी म्हणजे थोरलीची सख्खी जाऊ. एका घरात राहायच्या, एका चुलीवरचं खायच्या, आणि एकमेकींशी चकार शब्द बोलत नव्हत्या. हॉटेलात तर कुणाला पत्ताच नव्हता की ह्या एका घरातल्या आहेत. त्याचं मूळही तिथंच होतं. धाकटीनं थोरलीला न सांगता, न विचारता ह्याच हॉटेलात नोकरी धरली. थोरलीला ते कळलं फाटकावरच्या पहारेकऱ्यानं नव्या बाईचं नाव सांगितलं तेव्हा. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. घरी येऊन म्हणाली, “मला एका शब्दानं विचारायचं तरी.” धाकटी म्हणाली, “श्वास घ्यायचा तोही तुम्हाला विचारूनच घेऊ का?” झालं. तिथून जो अबोला बसला तो बसला. दोघींचे नवरे एकाच ट्रकवर, आलटून पालटून चालवायचे, महिन्यातले थोडे दिवस घरी. ताटात गरम पडतंय ना, मग त्यांच्या लेखी सगळं आलबेल.

अबोला म्हणजे बोलणं बंद, असं ज्याला वाटतं त्यानं तो कधी धरलेला नसतो. अबोल्यात बोलणं दुप्पट होतं, फक्त ते तिसऱ्याला सांगावं लागतं. इथं ती तिसरी म्हणजे सासूबाई. “आई, सांगा तिला, गॅस संपत आलाय म्हणावं.” ती तिथंच, हातभर अंतरावर भाजी चिरत असायची. मग आई मान वळवून सांगायच्या, “अगं, गॅस बघ हं जरा.” तिखट काढून टाकायच्या, कामाचं तेवढं पोचवायच्या. तिकडून उत्तर आलं की तेही तसंच निवडून पाखडून इकडे. थोरलीला कधीकधी वाटायचं, ह्या बाईचा जीव दमत कसा नाही?

दमला असेल. एके दिवशी सकाळी आईंना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा उरला आणि डोळे. निरोप्याच गप्प झाला म्हटल्यावर घरात खरा अबोला आता सुरू झाला. सकाळी धाकटी आईंचं करायची, संध्याकाळी थोरली. मधल्या वेळात शेजारच्या मावशी येऊन बसायच्या. कुणी कुणाला काही सांगायचं नाही, कुणी कुणाला काही विचारायचं नाही. एकीच्या कप्प्याला दुसरीनं हात लावायचा नाही.

आणि मग डास आले. तळ्याकाठची वस्ती, खिडकीची जाळी फाटलेली. डास आईंच्या त्या निपचित पडलेल्या हातावर नेमके बसायचे. आधी नुसत्या गांधी उठल्या. मग कातडी लाल झाली, सोलली, आणि आता कोपरापासून मनगटापर्यंत ओल्या जखमा झाल्या होत्या. भरायचं नाव नाही. आईंना साखरेचा आजार. डॉक्टरांनी गेल्या वेळी हात उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, “डास चावून असं होत नाही. तुम्ही लावता तरी काय ह्याला?”

“तुम्ही दिलेलं मलम. दुसरं काही नाही,” थोरली म्हणाली. ती धडधडीत थाप होती. पण घरगुती उपाय म्हटलं की डॉक्टर कसे खेकसतात, ते काय तिला ठाऊक नव्हतं? धाकटी त्यांना आदल्या खेपेला भेटली होती. तिनंही हेच सांगितलं होतं, असं डॉक्टरच म्हणाले.

“पुढच्या वेळेपर्यंत जखम कोरडी पडली नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल,” डॉक्टर म्हणाले. “आत पू शिरला तर हाताचं मी काही सांगू शकत नाही. ह्या वयात जिवाचंही नाही.”

ती पुढची वेळ आता येऊन ठेपली होती. थोरलीच्या मनात दिवसभर तेवढंच घोळत होतं. आणि राग होताच. मी संध्याकाळी एवढं निगुतीनं करते, तर सकाळी ही बया करते तरी काय? खिडकी सताड उघडी टाकून बसत असेल.

सेन्योरनं चिठ्ठ्या फिरवल्या. थोरलीच्या हाताला चिठ्ठी लागली ती डासांची: पाहुण्याला डास चावले आहेत, घरगुती उपायांवर बोला. “मोस्कीतो,” सेन्योर म्हणाला. “पिकादुरा म्हणजे चावा. रेमेदिओ कासेरो, घरचं औषध.” मग औषधांची नावं फळ्यावर लिहीत गेला. लिंबू, मध, व्हिनेगर, सोडा. लसणाला आहो म्हणतात म्हटल्यावर मागून स्वयंपाकघरातली एक म्हणाली, “आमचे अहोपण तसेच. खोलीत आले की कळतं.” सगळ्या हसल्या. थोरलीला हसायचंही त्राण नव्हतं.

“आणि जोडीदार,” सेन्योरनं बोट फिरवत नेलं ते थेट इस्त्रीच्या टेबलावर थांबलं. “तुम्ही.”

थोरलीनं मान खाली घातली. धाकटीही जागची हलली नाही. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं तर सगळ्या हॉटेलात डंका. धाकटी खुर्ची घेऊन समोर येऊन बसली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. सकाळभर आईंना उठवायचं, पुसायचं, कूस बदलायची, आणि आता रात्रीपर्यंत उभ्यानं इस्त्री. थोरलीनं तिला इतक्या जवळून कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. ही वाळली किती, असं मनात आलं, आणि आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

“पाहुणा बिहुणा राहू दे,” सेन्योर म्हणाला. “आपापल्या घरचं बोला. खरं.”

धाकटीनं घसा खाकरला. “तुमच्या घरी डास आहेत?” तिनं स्पॅनिशमध्ये विचारलं.

तुमच्या घरी! थोरलीला वाटलं, ह्या नाटकाला काय म्हणावं? पण स्पॅनिशमध्ये बोललं तर अबोला मोडतो का? असा कुठं नियम नव्हता.

“आहेत,” ती म्हणाली. “खूप. खिडकी उघडी. सकाळी कुणीतरी खिडकी उघडी ठेवतं.”

“सकाळी ऊन पाहिजे. आजारी माणसाला ऊन पाहिजे.”

“ऊन येतं. डासपण येतात.”

“डास संध्याकाळी येतात,” धाकटी म्हणाली. “संध्याकाळी कुणीतरी दिवा लावतं.”

“मुय ब्येन, मुय ब्येन,” सेन्योर खूश झाला. “आता औषध.”

“तुम्ही चावलेल्यावर काय लावता?” धाकटीनं विचारलं.

थोरली अडखळली. डॉक्टरला मारलेली थाप इथंही मारून द्यावी असं वाटलं, पण म्हातारा म्हणत होता ते खोटं नव्हतं. थापेपुरते शब्दच नव्हते तिच्याजवळ. “आधी तू सांग,” ती म्हणाली.

धाकटीनं खाली बघत शब्द जुळवले. “माझी सासू आजारी. तिचा हात वाईट आहे. मी विनाग्रे लावते. कापसानं. रोज सकाळी.”

माझी सासू म्हणे. आणि माझी कोण मग? एवढं थोरलीच्या मनात येऊन गेलं, आणि मग उशिरानं दुसरं. व्हिनेगर. धुलाईखात्यात डागांना व्हिनेगर वापरायचे. धाकटीच्या हातांना, पदराला कायम तो आंबट वास असायचा. संध्याकाळी आईंच्या अंथरुणालाही यायचा, पण थोरलीला वाटायचं, हिच्या कपड्यांचा असेल.

“आणि बरं वाटतं तिला?” थोरलीनं विचारलं.

“हो. औषध काम करतं. लावलं की...” धाकटीला शब्द सापडेना. तिनं बोटं वर करून ती भराभर उघडमीट करून दाखवली, तोंडानं बारीक आवाज काढला. फस्स. सेन्योर म्हणाला, “एस्पूमा. फेस. बीअरवर येतो तो.”

“हां, एस्पूमा,” धाकटी म्हणाली. “पांढरा फेस येतो. विष बाहेर येतं.”

थोरली हातातल्या चिठ्ठीकडे बघत राहिली. हॉटेलात कुठं बेसिन तुंबलं की ती काय करायची? नळीत मूठभर खायचा सोडा टाकायची, वरून व्हिनेगर ओतायची. फस्सकन फेस उसळायचा आणि घाण सुटायची. तिच्या हाताखालच्या प्रत्येक पोरीला तिनं हे शिकवलं होतं. व्हिनेगर नुसतं असलं तर फेस येत नाही. खाली सोडा लागतो.

आणि सोडा कोण लावत होतं? तीच. रोज संध्याकाळी, पाण्यात कालवून, आईंच्या कोपरापासून मनगटापर्यंत जाड थर. खाज कमी होते म्हणून कुणीतरी सांगितलं होतं. रात्रभर तो वाळायचा. सकाळी सोलल्या कातडीच्या भेगांत राहिलेल्या त्या सोड्यावर धाकटी व्हिनेगर ओतायची.

तिनं चिठ्ठी खाली ठेवली.

“सकाळी,” तिनं एकेक शब्द शोधत विचारलं, “आधी. हातावर पांढरं असतं?”

“हो. पावडर. संध्याकाळी कुणीतरी पावडर लावतं. घामोळ्याची. मी पुसते. थोडी राहते.”

“पावडर नाही.” थोरलीनं फळ्याकडे बोट केलं. “बिकार्बोनातो. मी. रोज.”

धाकटीनं फळ्याकडे पाहिलं, मग थोरलीकडे. ती धुलाईखात्यातली, सोडा आणि व्हिनेगर एकत्र आल्यावर काय होतं हे तिलाही सांगायला नको होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“वा! हा खरा संवाद,” सेन्योर वर्गाला सांगत होता. “बघा, एकीनं विचारलं, दुसरीनं मनापासून उत्तर दिलं.” तोवर थोरली पिशवी उचलून दाराबाहेर पडली होती. थांबा म्हणायलाही त्याला वेळ मिळाला नाही.

घरी जाताना तिनं रस्त्यातच डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. सोडा, व्हिनेगर, थाप, सगळं. डॉक्टर असे भडकले की विचारू नका. “माणसाची कातडी आहे ती. तुम्ही दोघी मिळून काय लोणचं घालत होता का?” मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवा, कोरडं करा, मलमाशिवाय कशाला शिवू नका, उद्या घेऊन या. “हात वाचेल ना?” तिनं विचारलं. “आता निदान कळलं तरी कशानं होतंय ते,” डॉक्टर म्हणाले. “बघू.”

मावशींना निरोप देऊन थोरली आईंच्या खाटेशी बसली. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून हात पुसायला लागली. कातडी ओल्या कागदासारखी झाली होती. आईंनी डोळे घट्ट मिटले, घशातून आवाज काढला, आणि नेहमीसारखा डावा हात उचलून समोर दाखवला. भिंतीवरच्या धाकटीच्या कप्प्याकडे.

हे रोजचंच होतं. रोज संध्याकाळी सोड्याची वाटी आणली की आई तिकडे हात करायच्या. थोरलीला ते फार लागायचं. मी इथं राबतेय, आणि ह्यांना आठवण येतेय ती धाकटीची. “येईल हो ती रात्री,” ती तुटकपणे म्हणायची आणि सोडा थापायची. एकदा तर आईंचा तो हात धरून तिनं अंथरुणावर दाबून ठेवला होता. जोरात नाही. पण दाबला होता.

आज ती उठली. धाकटीच्या कप्प्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा हात लावला. कंगवा, पिना, आणि मागे खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली. बूच काढून वास घेतला. आंबट.

“हे?” तिनं बाटली आईंसमोर धरली.

आईंनी डोळे मिटून उघडले. हो म्हणायची त्यांची तीच रीत होती. मग डावा हात सावकाश वळवून स्वयंपाकघराच्या फळीकडे केला, सोड्याच्या डब्याकडे. पुन्हा बाटलीकडे. पुन्हा डब्याकडे.

थोरली बाटली घेऊन तशीच खाटेच्या कडेवर बसली. वाचा गेली होती, पण काम कुठं सुटलं होतं? रोज संध्याकाळी आई तिला सांगत होत्या, ती काय लावते ते. निरोप पोचवत होत्या. घ्यायलाच कुणी नव्हतं.

“आई,” ती म्हणाली, “तुम्ही सांगत होता की हो.” तिला रडू आलं, आणि एवढी दमली होती की ते पुसायलाही हात उचलेना.

दार वाजलं. धाकटी. अंगात धुलाईखात्याचा पोशाख तसाच. पाळी टाकून आली होती. दारातच थांबली. थोरलीच्या हातात आपली बाटली पाहिली, आईंचा धुतलेला हात पाहिला. मग आईंकडे बघूनच बोलली.

“आई, सकाळी तुम्ही स्वयंपाकघराकडे हात करायचात. मला वाटायचं भूक लागलीय. मी दूध पाजायचे तुम्हाला. जबरदस्तीनं.”

आईंनी धाकटीकडे पाहिलं. मग मान जराशी वळवून थोरलीकडे पाहिलं. ती नजर थोरलीच्या चांगली ओळखीची होती. इकडचं ऐकून झालं, आता तिकडचं सांगा, मी पोचवते, असं म्हणणारी. अर्धं अंग गेलेलं, हाताची चाळण झालेली, आणि म्हातारी अजून वाट बघत होती, कोण काय म्हणतंय त्याची.

“आई, सांगा तिला...” थोरलीच्या तोंडून सवयीनं निघालं, आणि ती थांबली. आईंचा डावा हात अंथरुणावरून उचलायला लागला होता. थोरलीनं तो हलकेच धरला आणि खाली ठेवला. मग मान वळवली.

“पाणी संपलंय गं,” ती धाकटीला म्हणाली. “ठेवतेस का आणखी उकळायला?”

धाकटीनं चपला दारातच काढल्या.

“ठेवते, वहिनी,” ती म्हणाली आणि आत गेली. भांड्याचा आवाज आला, नळाचा आला.

आई ऐकत होत्या. मग त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं, डोळे मिटले, आणि बघता बघता झोपी गेल्या.